मदत हवी आहे: आजोबांच्या ट्रंकेत जुनी काडतुसं आणि ती घरी भरायची साधनं सापडली (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी,

आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहतो. वाड्याची मागची पडकी बाजू उतरवायची ठरली म्हणून पागेतलं सामान काढायला घेतलं. पागा नावालाच, मी लहान होते तोवर तिथे गाय बांधलेली असायची. तिथल्या एका लोखंडी ट्रंकेत आजोबांच्या शिकारीच्या दिवसांतलं सामान निघालं. म्हणजे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या आधीचं.

ट्रंकेत काय काय आहे ते सांगते. बारा बोअरची कागदी आवरणाची काडतुसं आहेत, बरीचशी फुगलेली. रायफलची पितळी काडतुसं आहेत, त्यांतली काही हिरवी पडली आहेत आणि एकदोनांच्या मानेला बारीक चीर दिसते. एका डब्यात टोप्या आहेत, म्हणजे काडतुसाच्या बुडात बसतात आणि ठोका बसला की दारू पेटवतात त्या. बंदुकीच्या दारूचे दोन डबे आहेत; लेबल गंजून गेलंय, पण हलवले की आत काहीतरी सरकतं. शिवाय काडतूस भरायची हत्यारं: अडकित्त्यासारखं एक, टेबलाला आवळायचं हँडलवालं एक, आणि दारू मोजायचं पितळी माप. आजोबांच्या अक्षरातली एक वहीसुद्धा आहे.

बंदूक आणि रायफल आजोबा गेल्यावर बाबांनी परवानाधारक दुकानात जमा केली होती, त्याची पावती आहे. हे सामान मात्र राहूनच गेलं. आता घरात कोणाच्याच नावावर परवाना नाही.

प्रश्न माझ्या चुलतभावाचा आहे. दादाकडे .३१५ ची रायफल आहे, रीतसर परवान्यावर. काडतुसं महाग, मिळतात तीही ठरावीकच. तो म्हणतो की वहीत सगळी मापं लिहिली आहेत, हत्यारं घरची आहेत, मग झाडलेल्या काडतुसांची रिकामी आवरणं, म्हणजे खोकी, आपण भरू. मी घाबरले तर म्हणाला, "अगं, चूक झालीच तर काडतूस उघडून दारू परत काढता येते." बाबांना हे पटत नाही, पण दादा घरात मोठा आणि शिकलेला, त्याच्यापुढे ते गप्प बसतात.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. चूक अशी परत काढता येते का? हे सामान सध्या कुठे आणि कसं ठेवू? आणि कोणाच्या हवाली करू? ट्रंक अजून पागेतच आहे, एकदा पाहिल्यावर पुन्हा हात लावलेला नाही.

चंबळकाठचा: आमच्या गावी असलं सामान विहिरीत सोडून देतात. विषय संपला.

निवृत्त आरमोरर (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा): विहिरीत नको. पाण्यात पडलं म्हणजे मेलं, असं काडतुसाचं नसतं. घट्ट बसलेलं पितळी काडतूस पाण्यात बराच काळ टिकतं, टोपी भिजून वाळली तर पुन्हा पेटू शकते, आणि शिसं पाण्यात जातं ते वेगळंच. तेलात बुडवून टोपी निकामी होते असंही लोक सांगतात. त्यावर भरवसा ठेवू नका. जाळायचं तर नावच काढू नका. चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेच्या, बाहेर फुटलेल्या काडतुसाची गोळी फार लांब जात नाही, पण खोक्याचे पितळी तुकडे डोळ्यांत जातात.

ताई, आता तुमचा पहिला प्रश्न. दादा म्हणतात ते अर्धं खरं आहे. काडतूस भरणाऱ्याच्या चुका ठरलेल्या असतात. एकाच खोक्यात दोनदा दारू पडते. नाहीतर अजिबात पडत नाही. टोपी नीट आत बसत नाही आणि बोल्ट (रायफलचा मागचा सरकता दांडा) लावतानाच बार होतो. किंवा दोन जातींची दारू मिसळते. जिथे हे काम कायदेशीर आहे तिथला जाणता माणूस शंका आली की त्या खेपेतलं एकही काडतूस झाडत नाही. सगळी खेप बाजूला काढतो आणि उकलतो. त्याला ते जमतं, कारण आत काय घातलंय ते त्याला ठाऊक असतं: कुठल्या डब्यातली दारू, किती वजन, कुठली गोळी. तुमच्या ट्रंकेत नेमकं तेच कोणाला ठाऊक नाही. जे माहीत नाही त्यातली चूक सुधारणार कशी?

आता वही. मला खरी भीती वाटते ती तिची. त्यात "३" असं काही लिहिलंय का? बारा बोअरची काळी दारू, म्हणजे जुनी धुराची, ड्रॅममध्ये मोजायचे. एक ड्रॅम म्हणजे साधारण २७ ग्रेन (ग्रेन हे वजनाचं बारीक एकक), म्हणजे ३ ड्रॅम झाले ८२ ग्रेनच्या आसपास. रायफलची बिनधुराची दारू नंतरची आणि जास्त जोरकस, ती ग्रेनमध्ये वजन करून घेतात. तुमचं पितळी माप काळ्या दारूचं असणार. तेच माप कोणी बिनधुराच्या दारूने काठोकाठ भरलं, तर बंदुकीची नळी हातात फाटेल. जगभर जुन्या बंदुका अशाच फुटल्या आहेत. आजोबांनी आकडा बरोबरच लिहिला असेल, पण तो त्यांच्या डब्यातल्या दारूचा, त्यांच्या बंदुकीचा. लेबल गेलं तिथे त्या आकड्याचा अर्थ गेला.

लष्करकर ताई (धागाकर्ती): हो, वहीत "३" आहे, पुढे काहीच नाही. काही पानांवर "३।" म्हणजे सव्वातीन. वाचून अंगावर काटा आला.

धातूशास्त्र शिकवणारी, बडोदा: मानेवरच्या चिरांबद्दल लिहिते, कारण तुमची ट्रंक पागेत होती आणि तिथे गाय असायची. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश पलटणींची पितळी काडतुसं नेमकी हिंदुस्थानातच अशी तडकायची. पावसाळ्यात ती तबेल्यांत ठेवत. जनावरांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि खोकं घडवताना पितळेत राहिलेला ताण, या तिन्हींमुळे पितळ चिरतं. याचा उलगडा १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. चीर आतून सुरू झाली असेल तर बाहेरून ती दिसतही नाही. अशा खोक्यातून बार झाला तर तापलेला वायू मागे, थेट तोंडावर येऊ शकतो. घासूनपुसून हिरवेपणा जाईल, चीर जाणार नाही. म्हणून "चांगली दिसणारी वेगळी काढू" हा मोह टाळा.

निवृत्त आरमोरर: फार मोलाची माहिती दिलीत. त्यात दारूचं जोडतो. बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची असते, ती वर्षानुवर्षं आतल्या आत विघटत राहते आणि उष्णतेत लवकर. तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. डब्याभोवती आंबूस, नाकाला झोंबणारा वास किंवा तांबूस धूळ दिसली तर ती दारू बिघडली आहे. वास घेण्यासाठी झाकण उघडू नका, बाहेरून जाणवेल तेवढंच पाहा. काळी दारू मात्र म्हातारी होत नाही. कोरडी असली की आजही ठिणगीला तितकीच तयार.

तोवर एवढं करा. ट्रंक हलवू नका. पागेला कुलूप घाला, वीज आणि चूल लांब ठेवा, मुलांना आणि पाडकामाच्या मजुरांना तिकडे फिरकू देऊ नका. त्या भिंतीला घण लागणार असेल तर पाडकाम थांबवा.

इंदूरची वकील: कायद्याचं थोडक्यात सांगते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे फक्त भरलेलं काडतूस नाही. त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा त्यात येतात. म्हणजे तुमची हत्यारं आणि टोप्यासुद्धा. दारूगोळा तयार करायला कलम ५ प्रमाणे वेगळा परवाना लागतो. दादांचा रायफल बाळगायचा परवाना इथे कामाचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे, कमाल जन्मठेप. हे दादांना शब्दशः वाचून दाखवा.

सुटकेची वाट कलम २१ मध्ये आहे. ताबा कायदेशीर राहिला नाही की वस्तू विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायच्या. तुमच्या बाबतीत ठाणंच बरं. ट्रंक रिक्षात घालून नेऊ नका. त्यात धोकाही आहे आणि वाटेत कोणी अडवलं तर उत्तर देणं अवघड. बाबांच्या नावाने दोन प्रतींत अर्ज करा: वारशाने मिळालेल्या जुन्या वाड्यात अमुक दिवशी सामान सापडलं, पाहिल्यावर पुन्हा हात लावलेला नाही, येऊन ताब्यात घ्यावं. दुकानाच्या पावतीची प्रत जोडा. एका प्रतीवर ठाण्याचा शिक्का घ्या, सामान नेतील तेव्हा पंचनाम्याची प्रत मागा. सुट्या दारूसाठी ते बॉम्ब निकामी करणारं पथक बोलावतील, गल्लीत बोलबाला होईल. होऊ द्या. अर्ज देण्याआधी एखाद्या स्थानिक वकिलाला मजकूर दाखवलात तर आणखी चांगलं.

लष्करकर ताई: दादाने सगळा धागा वाचला. सात वर्षांपेक्षा त्याला त्या "३" ने जास्त हलवलं. भरायचा विचार त्याने सोडला आहे. पण त्याने स्वतःच एक विचारायला सांगितलंय. दुकानातून घेतलेलं त्याचं एक काडतूस मध्यंतरी रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) फुटलंच नाही. त्याने लगेच बोल्ट ओढून ते काढलं आणि खिशात ठेवलं. तसं करायला नको होतं का?

निवृत्त आरमोरर: नको होतं. विचारलं ते फार बरं केलं. फुसका बार गेला की नळी निशाणाकडेच ठेवायची, गाल रायफलवरून बाजूला घ्यायचा आणि थांबायचं. निदान ३० सेकंद. मी पोरांना पूर्ण मिनिट थांबवायचो. टोपी कधी कधी धुमसत राहते आणि बार उशिरा होतो. बोल्ट उघडलेला असताना तो झाला तर खोकं तोंडावर फुटतं. मग काडतूस काढून रेंज अधिकाऱ्याच्या हवाली करायचं, खिशात नाही. दुसऱ्यांदा त्याच काडतुसावर घोडा टाकू नये.

याहून वाईट प्रकार म्हणजे आवाज नेहमीपेक्षा बारीक येणं, नुसतं "फट्". गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिथेच थांबायचं. रायफल रिकामी करायची आणि मागच्या बाजूने नळीतून उजेड आरपार दिसतो का ते पाहायचं. उजेड दिसला नाही तर घरी गज घालून ठोकाठोक करायची नाही, आरमोररकडे द्यायची. त्या अडकलेल्या गोळीमागे दुसरी झाडली की नळी फुगते किंवा फाटते.

आणि एक राहिलं. पितळी काडतुसांच्या बुडावर "केएफ" (KF) असेल तर ती किरकीची, म्हणजे खडकीच्या कारखान्यातली. सोबत रोमन सात (VII) दिसला तर ती .३०३ बोअरची, लष्करी, सामान्य नागरी परवान्यावर ती ठेवताच येत नाही. म्हणून "माझ्या परवान्यावर दाखवू" असं दादांनी ठाण्यात म्हणू नये. बूड बघायला ट्रंकेत हात मात्र घालू नका, ते पोलीस पाहतील.

लष्करकर ताई: बाबा आणि दादा उद्या सकाळी मिळून ठाण्यात जाताहेत, अर्ज लिहून झालाय. आजी विचारते की वही घरात ठेवता येईल का? त्यात शिकारीच्या मुक्कामांची टिपणंही आहेत, तिला ती हवी आहे.

इंदूरची वकील: वही म्हणजे कागद, दारूगोळ्याच्या व्याख्येत ती येत नाही. तरी अर्जात तिचा उल्लेख करा आणि पंचनाम्याच्या वेळी समोर ठेवा. त्यांनी नेली तर नोंद करून घ्या, म्हणजे नंतर परत मागता येईल. आजींसाठी पानांचे फोटो आधीच काढून ठेवा.

निवृत्त आरमोरर: वही ट्रंकेत असेल तर फोटोसाठी आज ती उचलू नका. पथक ट्रंक उघडेल तेव्हा त्यांच्याकडून मागून घ्या. आणि पागेकडे गाडी येईल इतकी वाट आजच मोकळी करून ठेवा, दगडमाती उद्या त्यांच्या पायात नको.