मुलांच्या शाळेतील पहिली शिक्षिका: 'हर ट्वेल्व्ह मेन' पाहावा का?

परभणीची शिक्षिका
यंदा जूनमध्ये मी जिल्ह्यातील मुलांच्या एका प्रशालेत रुजू झाले. शिक्षकांत मी एकटीच स्त्री असल्यामुळे पहिले काही दिवस सातवीची मुले हजेरीला सवयीने 'हजर सर' म्हणून जीभ चावत आणि मागच्या बाकांवर खसखस पिकत असे. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हॉलिवूडच्या अभिनेत्री ग्रीअर गार्सन यांचा 'हर ट्वेल्व्ह मेन' हा चित्रपट पाहण्यास सुचवले आहे. त्यातून मला काही घेण्याजोगे मिळेल काय?

जालनेकर
ताई, हा चित्रपट १९५४ चा, म्हणजे मराठवाडा अजून हैदराबाद राज्यात असतानाचा. नायिका जॅन स्ट्युअर्ट विधवा असून मुलांच्या निवासी शाळेत पहिलीच शिक्षिका म्हणून येते. (तिला तरुण म्हणायचे, पण १९०४ साली जन्मलेल्या गार्सन तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या.) नवख्या बाईंची होणारी तारांबळ पाहण्याजोगी आहे, म्हणून पूर्वार्ध जरूर पाहावा. पुढे मात्र एक धनाढ्य पालक आणि रॉबर्ट रायन यांनी रंगवलेले सहशिक्षक यांपैकी ती कोणाला वरणार, यातच कथा गुंतते आणि वर्ग मागे पडतो.

लातूरची वाचक
माझा आक्षेप निराळा आहे. शिक्षिका म्हणजे घरापासून दूर असलेल्या मुलांची दुसरी आई, हे हा चित्रपट गृहीतच धरतो. आपल्याकडेही रडणारे पोर बाईंकडे धाडतात आणि दहावीचे गणित सरांकडे ठेवतात! त्यापेक्षा गार्सन यांचा पहिला चित्रपट, १९३९ चा 'गुडबाय, मिस्टर चिप्स', पाहावा. त्यात त्या शिकवत नाहीत, मुलांच्या शाळेतील एका बुजऱ्या मास्तरांच्या पत्नी आहेत. पण मुलांना घरी चहाला बोलावण्याची प्रथा त्या पाडतात आणि तेवढ्याने मास्तरांचा ताठा सैल होतो. भूमिका लहान आहे, तरी त्या गेल्यावर उरलेल्या चित्रपटभर त्यांची उणीव जाणवत राहते. मास्तर झालेल्या रॉबर्ट डोनाट यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले.

परभणीची शिक्षिका
दोघांचेही आभार. रविवारी चिप्स मास्तरांपासूनच आरंभ करीन. हजेरीला आता 'हजर बाई' ऐकू येते, एक मुलगा तेवढा अजून चुकतो. परंतु गणितात बी.एस्सी. असूनही माझ्या वाट्याला मराठी आणि कार्यानुभव आला आहे, याकडे ताईंच्या वाक्यामुळे लक्ष गेले. दहावीच्या तासांसाठी मुख्याध्यापकांकडे उद्याच लेखी अर्ज देत आहे.