मदत हवी आहे: चांदीच्या नाण्यावरच्या ससाण्यावर चिकट थर आलाय

नमस्कार मंडळी,

मी पक्ष्यांची चांदीची नाणी जमवते आणि ती जोडीनं लावते: एक आपला मुलूख न सोडणारा पक्षी, शेजारी एक स्थलांतर करणारा. सगळ्यात लाडकी जोडी ऑस्ट्रेलियाचा कूकाबुरा आणि कॅनडाचा बहिरी ससाणा. कूकाबुरा खंड्याच्या कुळातला, वर्षभर आपल्याच हद्दीत राहणारा. १९९० पासून दरवर्षी त्याचं नवं चित्र नाण्यावर येतं. ससाणा २०१४च्या शिकारी पक्ष्यांच्या मालिकेतला. ध्रुवाकडचे बहिरी ससाणे हिवाळ्यात थेट दक्षिण अमेरिका गाठतात, म्हणून तो मला हवाच होता.

काल बघते तर ससाण्याच्या पंखावर, पिसांच्या रेघांमध्ये, धुरकट तेलकट थर! तिरप्या उजेडात ठळक दिसतो. हे नाणं मऊ प्लास्टिकच्या पाकिटात होतं. कूकाबुरा कडक कॅप्सूलमध्ये आहे, त्याच्या फक्त कडेला सोनेरी-तपकिरी छटा आलीये.

चांदी उजळायची पेस्ट लावू का? दोन्ही नाण्यांना?

प्रतिसाद १
ताई, पेस्ट अजिबात नको! ती धातूचाच पातळ थर खरवडते. पिसांची नक्षी आणि मूळ तजेला जातो, तो परत येत नाही.

मऊ पाकीट बहुतेक पीव्हीसीचं असणार. ते मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू पाझरून नाण्यावर बसतं. त्यावर शुद्ध अ‍ॅसिटोन चालतं, ते चांदीला धक्का लावत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतात. काचेच्या वाटीत नाणं बुडवा, काही मिनिटांनी काढून ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये पुन्हा बुडवा. घासू नका, पुसू नका, आपोआप वाळू द्या. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास ज्योत नको.

कूकाबुराला हात लावू नका. ती छटा हवेतल्या गंधकामुळे येते, नाण्याला अपाय नाही. अनेक संग्राहकांना ती आवडते.

धागाकर्ती
खूप आभार! दोनदा बुडवलं, थर गेला. पिसं पुन्हा एकेक मोजता येतायत. डाव्या पंखाच्या टोकाशी मात्र एक मंद ठिपका उरलाय. तो जाईल का?

प्रतिसाद १
तिथं धातूचा पृष्ठभागच खाल्ला गेला असेल, तर नाही जाणार. राहू दे. आजच कॅप्सूलमध्ये ठेवा, आणि बाकीची मऊ पाकिटंही तपासा.