फार क्राय प्रायमल: कथा नव्हे, रात्र

फार क्राय प्रायमल हा अश्मयुगात घडणारा व्हिडिओ गेम. त्याची कथा पातळ आहे असं म्हटलं जातं, ते मान्यच. उल्ल आणि बतारी दोघंही खलनायक म्हणून जेमतेम. पण २०१६ च्या या गेमची खरी गंमत रात्री आहे. हातातल्या सोट्याला प्राण्याची चरबी लावून तो पेटवायचा. लांडगे आगीला बिचकून लांब राहतात, पण सोटा जळून संपत येतो आणि झुडपांत गुरगुर चालूच असते. बंदुका काढून टाकल्यावर फार क्राय या गोळीबाराच्या मालिकेचं काय उरेल म्हणणाऱ्यांना हे चोख उत्तर होतं.

दुसरं म्हणजे भाषा. अख्ख्या गेममध्ये इंग्रजी संवाद नाहीत. भाषातज्ज्ञांनी आद्य इंडो-युरोपीय भाषेच्या (युरोप-भारतातल्या अनेक भाषांची मूळ मानली जाणारी) आधारे बोली रचल्या आणि नटांनी त्या तोंडात बसवल्या. एवढी मेहनत कोण घेतं!

नकाशा मालिकेतल्याच आधीच्या फार क्राय ४ वरून बेतलेला, हा काहींचा आक्षेप खराच. खेळाडूच्या पाळीव घुबडाचा ड्रोनसारखा वापर तर मला आजही खटकतो. टोळीवर वरून टेहळणी केली की शिकारीतली धाकधूकच जाते. परत खेळणार असाल तर नंतर आलेला सर्व्हायव्हल मोड (जगणं जास्त कठीण करणारा) लावा, चव वेगळीच लागते.