अंडाशयाची गाठ काढली, स्टेज 1ए. आता केमो हवी का?

प्रश्न
वय 20. उजवं अंडाशय आणि नळी काढली. गाठ 14 सेंमी, न फुटता निघाली. रिपोर्ट: डिसजर्मिनोमा (अंडाशयातल्या बीजपेशींचा कॅन्सर), स्टेज 1ए, म्हणजे एकाच अंडाशयापुरता. एएफपी (रक्तातला ट्यूमर मार्कर) ऑपरेशनआधी 480, चार आठवड्यांनी 30. सर्जन म्हणतात नुसता फॉलोअप, ऑन्कोलॉजिस्ट बीईपीच्या (तीन औषधांची केमो) 3 सायकल सांगतात. कोणाचं ऐकायचं?

प्रतिसाद 1
निव्वळ डिसजर्मिनोमा असेल तर सर्जनचं. 1ए मध्ये केमो न देता लक्ष ठेवतात. परत आलाच तर बीईपीला चांगली दाद देतो. पण ते 480 खटकतंय. डिसजर्मिनोमात एलडीएच हा रक्तातला मार्कर वाढतो, कधी थोडं बीटा एचसीजी (गरोदरपणातलं हार्मोन). एएफपी नाही. म्हणजे गाठीत कुठेतरी योक सॅकचा (एएफपी बनवणारा, बीजपेशींचाच दुसरा कॅन्सर) भाग आहे असंच धरायचं, आणि त्याला 1ए असला तरी केमो लागते.

प्रतिसाद 2
रिपोर्टमध्ये ब्लॉक (तपासणीसाठी कापलेले गाठीचे तुकडे) किती घेतलेत ते बघा. दर सेंटीमीटरला एक, म्हणजे इथे किमान 14. पाच-सहाच असतील तर योक सॅक सुटलेला असू शकतो. उरलेल्या गाठीतून आणखी ब्लॉक घ्यायला सांगा. स्लाइड आणि ब्लॉक जर्म सेल ट्यूमर (बीजपेशींच्या गाठी) नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे, उदा. परळच्या टाटा मेमोरियलला, रिव्ह्यूला द्या. योक सॅक ओळखायला ग्लिपिकन-3 आणि एएफपी या प्रथिनांचं स्टेनिंग मागा. पोटातलं पाणी तपासलं होतं का, हेही विचारा. त्यात पेशी सापडल्या तर 1ए नाही, 1सी.

प्रश्नकर्ता
ब्लॉक 5. पण एएफपी उतरतंय ना?

प्रतिसाद 1
उतरतंय, आणि योग्य वेगाने. अर्धायुष्य (निम्मं व्हायला लागणारा वेळ) 5 ते 7 दिवस, म्हणजे 28 दिवसांत 480 चे 30 पर्यंत यायलाच हवे होते. त्यावरून एवढंच कळतं की मोठा साठा मागे राहिलेला नाही. गाठ कुठल्या जातीची, ते स्लाइडच सांगणार. एएफपी दर आठवड्याला करत राहा. एका जागी थांबलं किंवा वाढलं तर रिव्ह्यूची वाट बघू नका.

प्रतिसाद 3
बीईपी ठरलीच तर: एटोपोसाइड 100 आणि सिसप्लॅटिन 20 मिग्रॅ प्रति चौ. मीटर, पाच दिवस. ब्लिओमायसिन 30 युनिट आठवड्यातून एकदा. सायकल 21 दिवसांची. पांढऱ्या पेशी जरा कमी दिसल्या की डोस उतरवायचा किंवा तारीख ढकलायची, ही नेहमीची चूक. आधी फुप्फुसांची डीएलसीओ (वायू रक्तात किती जातो ती तपासणी), ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), क्रिएटिनिन (किडनीची) करून घ्या. कोरडा खोकला आला तर पुढचं ब्लिओमायसिन घेण्याआधी सांगायचं. अंडी साठवायची असतील तर तो विषय पहिल्या सायकलआधीच काढा.