एलडीएल ९८, पण नॉन-एचडीएल १५८
रक्ताच्या रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, शंभरच्या आत आहे ना, मग ट्रायग्लिसराइड्सचं (रक्तातल्या दुसऱ्या एका चरबीचं) काय एवढं घेऊन बसलात, असं कुणी म्हटलं की मला ते अजिबात पटत नाही. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजतच नाहीत, टोटल कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा करतात. आमच्या काकांचं टोटल १९०, एचडीएल ३२, ट्रायग्लिसराइड्स ३००, म्हणजे एलडीएल आलं ९८ आणि घरात सगळे खूश, पण टोटलमधून नुसतं एचडीएल वजा करा, १५८ उरतात, हे नॉन-एचडीएल, यात धमन्यांत साठणारं सगळंच कोलेस्टेरॉल येतं आणि ज्यांचं एलडीएल १०० च्या आत हवं त्यांचं हे १३० च्या आत लागतं. डायबेटिसवाल्यांनी तर हा आकडा बघाच, उपाशीपोटी जायचीही गरज नाही.