स्पिन तापमान शिकवणं आता पुरे?

फिरकी:
घन पदार्थांच्या एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रातल्या अणुकेंद्रांचा रेडिओ सिग्नल मोजण्याचं तंत्र) प्रोटॉनचं पोलरायझेशन (स्पिन, म्हणजे केंद्रांचे छोटे चुंबक, एका दिशेला किती झुकलेत ते) कार्बन-१३ कडे कसं जातं, म्हणजे क्रॉस पोलरायझेशन, हे सांगताना अजून तेच दोन भांड्यांचं चित्र काढलं जातं: प्रत्येक प्रकारच्या स्पिनांचं एक भांडं, आणि क्षेत्राच्या मानाने पोलरायझेशन जितकं जास्त तितकं त्याचं 'स्पिन तापमान' कमी. प्रोटॉनांचं चुंबकीकरण मोठ्या क्षेत्रात तयार झालं आणि आता इवल्याशा रेडिओ क्षेत्राला धरून बसलंय, म्हणून ते थंडगार. कार्बन गरम. १९६२ ची हार्टमन-हान अट पाळली, म्हणजे फिरत्या चौकटीत (रेडिओ क्षेत्राबरोबर फिरत पाहिलं तर) दोघांच्या वारंवारता जुळवल्या, की उष्णता वाहते. प्रोटॉन भरपूर, कार्बन विरळ, म्हणून सिग्नल जवळपास ४ पट.

माझं मत: पहिल्या तासाला हे दाखवूच नये. यात तापमान आहे असं आधीच धरून चाललोय, आणि वाद तर त्यावरच आहे. १९७४ मध्ये म्युलर, अनिल कुमार, बाउमान आणि अर्न्स्ट यांनी फेरोसीनच्या स्फटिकात मोजलं, तर कार्बनचा सिग्नल हेलकावे खात चढला. दोन भांड्यांत उष्णता अशी मागेपुढे करत नाही.

जुनं खोड:
साफ असहमत. त्याच कामातलं मॉडेल बघा ना: एक कार्बन-प्रोटॉन जोडी आणि भोवती बाकीच्या प्रोटॉनांचा साठा. जोडी हेलकावते, साठा ते हेलकावे विझवतो. तुमचा साक्षीदार अर्धा माझ्याच बाजूचा निघाला!

आणि साठ्याशिवाय गणित करणार कसं? २० स्पिन घेतले तरी घनता मॅट्रिक्समध्ये (सगळ्या स्पिनांची अवस्था मांडणारा तक्ता) ४ चा २० वा घात, म्हणजे लाख कोटीच्या वर घटक. विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला पळवून लावायचं असेल तर जरूर शिकवा.

फिरकी:
२० कशाला, दोनच घ्या. अट जुळली की 'एक वर, एक खाली' आणि त्याची उलट अवस्था यांची ऊर्जा सारखी होते, द्विध्रुवी जोडणी (दोन छोट्या चुंबकांचा एकमेकांवरचा परिणाम) त्यांना मिसळते आणि पोलरायझेशन कोसाइनच्या तालावर इकडून तिकडे जातं. फळ्याच्या एका कोपऱ्यात मावतं. त्या हेलकाव्यांची सरासरी काढा: निम्मं पोलरायझेशन कार्बनकडे. आता एकास एक भांड्यांचं गणित करा. तिथेही निम्मंच! उत्तर जुळतं म्हणून आपण कारणही तेच मानून बसलो.

उलटघड्याळ:
खोडसाहेब, ऱ्हिम, पाइन्स आणि वॉ यांचा १९७१ चा काल-उलट प्रयोग आठवतोय? द्विध्रुवी जोडण्यांत विरून गेलेला सिग्नल त्यांनी योग्य पल्स देऊन परत आणला. सगळं समतोलात जाऊन फक्त तापमान उरलं असतं, तर परत काय आलं?

जुनं खोड:
आठवतोय. माहिती पुसली जात नाही, जोडण्यांत लपते, मान्य. पण क्रॉस पोलरायझेशन करताना ती कुणी परत मागत नाही हो. मला कार्बनचा सिग्नल हवाय, त्याला साठा पुरतो.

रोटरवाला:
पुरायचा, नमुना सावकाश फिरत होता तोवर. मॅजिक अँगलवर (चुंबकीय क्षेत्राशी एका ठरावीक कोनात) जोरात फिरवला की प्रोटॉन-प्रोटॉन जोडण्या कमकुवत होतात आणि खोडसाहेबांचा साठाच विस्कळीत होतो. जुळणीचा एकसंध उंचवटा फुटून शिखरं उरतात, तीही मध्यावर, म्हणजे वारंवारता अगदी जुळतात तिथे, नाही: दोन वारंवारतांमधला फरक फिरण्याच्या वेगाइतका किंवा दुप्पट असेल तिथे. कारण जोडणीच त्या दोन तालांवर डोलते. भांड्यांच्या चित्रातून हे कसं काढाल? मी स्वतः मध्यावर सिग्नल शोधत एक अख्खी दुपार घालवली आहे.

जुनं खोड:
ही दुपार मीही घालवली आहे. ठीक, वेगाच्या बाबतीत हरलो. पण रेडिओ क्षेत्राची ताकद हळूहळू बदलत शिखर ओलांडता, तेव्हा एकट्या जोडीतही निम्म्याहून जास्त पोलरायझेशन जातं. त्या युक्तीला तुम्ही काय म्हणता? 'अ‍ॅडियाबॅटिक'. शब्द कुठल्या शास्त्रातला?

फिरकी:
शब्द उष्णताशास्त्राचा, पण इथे अर्थ पुंज यांत्रिकीचा: अवस्था बदलत्या हॅमिल्टोनियनमागून (प्रणालीच्या ऊर्जेचं गणिती रूप) चालत राहते. तापमान लागत नाही.

जुनं खोड:
मग नाव बदला आधी, धागा नंतर काढा.