मदत हवी आहे: सगळे मार्ग शोधणारी रिकर्सिव्ह क्वेरी थांबतच नाही

मंडळी, पोस्टग्रेस १५ हा डेटाबेस वापरतोय. रेल्वेमार्गांचं टेबल आहे: कुठून, कुठे, अंतर. गाड्या दोन्ही दिशांनी जातात म्हणून प्रत्येक जोडणीच्या दोन ओळी. सध्या कल्याण-कर्जत, कर्जत-पुणे, कल्याण-मनमाड, मनमाड-दौंड, दौंड-पुणे, दौंड-कुर्डुवाडी, पुणे-मिरज, कुर्डुवाडी-मिरज एवढंच भरलंय.

कल्याणहून मिरजेचे सगळे मार्ग हवेत, नुसता जवळचा नको. कागदावर चार निघतात: कर्जत-पुण्यावरून दोन (थेट किंवा दौंड-कुर्डुवाडी करून), मनमाड-दौंडवरून दोन (पुणे किंवा कुर्डुवाडी करून). विथ रिकर्सिव्ह (आपल्याच निकालावरून पुढच्या ओळी काढत जाणारी क्वेरी) मात्र संपतच नाही. लिमिट (ठरावीक ओळींनंतर थांब) लावलं तर कल्याण-कर्जत-कल्याण-कर्जत अशी शटल सुरू! युनियन ऑलच्या जागी युनियन टाकूनही तेच. टप्प्यांची मर्यादा घालायची नाही, पुढे मराठवाडाही जोडायचाय.

प्रतिसाद:
युनियन फक्त हुबेहूब सारख्या ओळी गाळतं. तुम्ही अंतराची बेरीज सोबत नेत असणार, मग परत आलेल्या कल्याणची ओळ वेगळीच ठरते. बेरजेसोबत आतापर्यंतच्या स्टेशनांचा ॲरे (यादी) न्या आणि जोडताना अट घाला: पुढचं स्टेशन त्या ॲरेत नसावं. मिरज आलं की तिथून पुढे वाढवू नका, ती फुकटची मेहनत. पोस्टग्रेस १४ पासून फेरे ओळखणारं सायकल हे कलमही आहे, पण ते फेरा झालेली ओळ खूण करून ठेवतं, काढून टाकत नाही. शेवटी ती गाळावी लागते. मला ॲरेच बरा वाटतो, काय चाललंय ते दिसतं.

धागाकर्ता:
चाललं, चारच आले! मग मनमाड-परभणी, परभणी-लातूर, लातूर-कुर्डुवाडी घातले तर सात. सातवा पुणे, दौंड, मनमाड, परभणी, लातूर, कुर्डुवाडी करत मिरजेला पोचतो. असा प्रवास कोण करेल?

प्रतिसाद:
सात बरोबर आहेत. तीन जोडण्यांनी तीन मार्ग वाढले, पण जाळं दाट झालं की हा आकडा भराभर फुगतो. तेव्हा अंतराची बेरीज अटीत घ्या, जवळच्या मार्गाच्या दुप्पट झाली की फांदी तिथेच तोडा. ही अट रिकर्सिव्ह भागातच हवी, बाहेर लावली तर सगळं मोजून झाल्यावर गाळलं जाईल. फक्त पहिले पाच-दहा जवळचे मार्ग पुरत असतील तर पीजीराउटिंगमधलं (पोस्टग्रेसला मार्ग शोधायला जोडायचं एक्स्टेंशन) केएसपी फंक्शन बघा, ते येनच्या पद्धतीने (एकेक करून पुढचा जवळचा मार्ग काढत) तेवढेच शोधतं.